दोघांत एक चेंडू

शनिवारी सकाळी डॉडनं दोनदा दाढी केली. एकदा सहाला केली, मग खाली येऊन न्याहारीला बसला, ओटची लापशी अर्धी तशीच टाकली आणि परत वर जाऊन आरशापुढं उभा राहिला. मी जिन्यातनं ओरडले, "काय रे, लग्नाला चाललायस का?"

तर म्हणतो, "लग्नाला गेलो असतो तर एवढी काळजी नसती केली, नेटा."

माझा भाऊ डॉड गुर्ले. एक्काहत्तर वर्षांचा होता. लग्न केलंच नाही. माझा नवरा गेल्यावर मी त्याच्याकडंच राहायला आले, त्यालाही आता एकोणीस वर्षं होतील. जन्मभर त्यानं छपरं केली. आमच्या पोर्टलॅरीत निम्म्या घरांवरच्या दगडी पाट्या त्यानं बसवलेल्या आहेत. बाकीच्या निम्म्या वॉटी मंकरनं. कधीकाळी दोघं मिळूनच बसवायचे. एक वर चढायचा, एक खाली शिडी धरायचा, आणि दुपारनंतर अदलाबदल. शाळेपासूनची जोडी.

आणि त्या शनिवारी डॉड त्याच वॉटीबरोबर गोल्फ खेळायला चालला होता. सत्तावीस वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. वॉटीचं घर आमच्यापासनं तिसरं.

कशावरनं बोलत नव्हते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

चौऱ्याण्णव साली क्लबची मोठी स्पर्धा होती. ती असते एकेकट्याची. मारलेला प्रत्येक फटका मोजायचा, दोन दिवसांत छत्तीस होल, सगळ्यात कमी फटके ज्याचे तो जिंकला. त्यात आपलं कार्ड आपण लिहायचं नसतं. माझ्याबरोबर खेळतोय त्यानं माझं लिहायचं, मी त्याचं, आणि शेवटी दोघांनी सह्या करायच्या. त्याला मार्कर म्हणतात. तर डॉड वॉटीचा मार्कर होता. तेराव्या होलवर वॉटीचा चेंडू काटेरी झुडपांत गेला. वॉटी आत शिरला, काठी फिरवली, परत फिरवली, चेंडू बाहेर आला. होल संपल्यावर वॉटी म्हणाला पाच. डॉड म्हणाला सहा, काठी दोनदा खाली आली. वॉटी म्हणाला पहिल्यांदा नुसती हवेत फिरवून बघितली, ती मोजत नाहीत. डॉड म्हणाला मी बघितलंय. क्लबात आल्यावर कमिटीनं दोघांना समोर बसवलं. वॉटी पाचवर ठाम, डॉड सही करेना. मार्करची सही नाही म्हणजे कार्ड बाद. ते कार्ड धरलं असतं तर वॉटी एका फटक्यानं जिंकला असता. जिंकला मग तिसराच कुणीतरी, तो आता कॅनडाला असतो.

सोमवारी सकाळी वॉटी आपली शिडी घेऊन वेगळ्या रस्त्यानं गेला. त्यानंतर डॉडची शिडी धरायला माणूस टिकेना. शेवटी मीच धरायला लागले. मासे धुरवायच्या कारखान्यातनं सुटले की ॲप्रन काढायचा आणि याच्या शिडीखाली जाऊन उभं राहायचं. वरनं ओरडायचा, "नेटा, तू शिडी धरलीयस का शिडीनं तुला?"

गावातल्या लोकांना वाटतं डॉड हट्टी होता. होताच. पण गेल्या हिवाळ्यात छातीचं दुखणं निघालं, मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं की हृदयातली झडप कशी झिजलीय, ऑपरेशन झेपायचं नाही, औषधावर जेवढं चालेल तेवढं. परत येताना बसमधे खिडकीकडं तोंड करून बसला होता. तसाच म्हणाला, "मी चेंडू बघितला नव्हता."

मला कळेना. म्हटलं, "कुठला चेंडू?"

"झुडपातला. काठी बघितली मी. दोनदा बघितली. चेंडू बघितलाच नाही. ऊन डोळ्यावर होतं. आणि मी म्हणालो बघितलं."

"मग जा आणि सांग त्याला. तिसरं घर आहे."

"काय सांगू? दार वाजवून?" म्हणाला. "दार उघडून तो काय म्हणेल? सत्तावीस वर्षं, नेटा."

उन्हाळाभर हेच चाललं. वॉटीच्या दारापर्यंत दोनदा गेला आणि दोन्ही वेळा पुढं दुकानात जाऊन काड्यापेटी घेऊन आला. आमच्याकडं आता काड्यापेट्या पुष्कळ आहेत.

मग सप्टेंबर आला. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडं टोपीतली फोरसम असते. फोरसम म्हणजे दोघांत मिळून एकच चेंडू. एकानं मारायचा, पडेल तिथनं दुसऱ्यानं मारायचा, मग परत पहिल्यानं. एक, तीन, पाच असल्या होलवर सुरुवात एकानं करायची, दोन, चार, सहावर दुसऱ्यानं, मागचा फटका कुणाचाही असो. फटक्यांची बेरीज करायची नाही, समोरच्या जोडीशी एकेक होल लढवायचा, जास्ती होल ज्यांचे ते जिंकले. आणि जोडीदार आपण निवडायचा नाही. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टोपीत टाकायच्या, दोन दोन काढायच्या, ज्याच्याबरोबर निघाली त्याच्याबरोबर खेळायचं. तिथं कुणी नाही म्हणत नाही. गेल्या पन्नास वर्षांत एकानं नाही म्हटलं होतं, त्याला लोक अजून 'नाही' याच नावानं हाक मारतात.

डॉडला ही एक स्पर्धा जिवापाड. फटके मोजायच्या खेळाला तो म्हणायचा स्वतःशी भांडण. होल लढवायच्या खेळाला शेजाऱ्याशी भांडण. पॉइंटाच्या खेळाला शाळेतले मार्क. देणगी गोळा करायला चौघाचौघांचा खेळ ठेवतात ना, चौघांनी मारायचं आणि त्यातला चांगला पडलेला तेवढा धरायचा, त्याच्यावर तर त्याचा रागच होता. म्हणायचा, "चुकलेला चेंडू कुणी उचलायचाच नाही, असल्या खेळात माणूस काय कळणार?" आणि फोरसमला म्हणायचा संसार. मी विचारायचे, तुला रे काय ठाऊक संसार? तर म्हणायचा, "म्हणून तर खेळतो."

चिठ्ठ्या मी काढते. मी खेळत नाही, क्लबाच्या स्वयंपाकघरात सूप आणि रोल करते, म्हणून कुणाच्या बाजूची नाही असं सगळे धरून चालतात. गुरुवारी चिठ्ठ्या काढायच्या होत्या. बुधवारी संध्याकाळी डॉड माझ्याजवळ आला. मी बटाटे सोलत होते. हा उगाच सालं गोळा करायला लागला.

"नेटा, टोपीत हात घालतेस तेव्हा कुणी बघत असतं का गं?"

मी सुरी खाली ठेवली. एका फटक्यासाठी सख्ख्या मित्राचं कार्ड बाद करणारा माणूस हा. दुकानदारानं चुकून एक सफरचंद जास्ती टाकलं तर परत नेऊन देणारा. मी म्हटलं, "तू मला लबाडी करायला सांगतोयस?"

"हो," म्हणाला. मान खाली. "एकदाच."

मी केली. दोघांच्या चिठ्ठ्या स्वेटरच्या बाहीत ठेवल्या आणि सहावी जोडी म्हणून काढल्या. डॉड गुर्ले, वॉटी मंकर. वॉटी खिडकीशी उभा होता. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. त्यानं टोपी डोक्यावर घातली, "किती वाजता?" एवढंच विचारलं आणि गेला.

तर शनिवारी साडेनऊला आम्ही पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात तिथं. मी डॉडची काठ्यांची ट्रॉली ओढायला, कारण त्याला ओझं ओढायची मनाई होती. समोरच्या जोडीत टुलक मास्तर, शाळेतनं रिटायर झालेले, क्लबाचे सेक्रेटरी, आणि त्यांच्याबरोबर बेकरीवाली मॉराग. वारा समुद्राकडनं, पण बेताचा.

डॉड म्हणाला, "मी विषम घेतो."

वॉटी म्हणाला, "घे."

बारा होल त्या दोघांचं बोलणं म्हणजे एवढंच. तुझा शॉट. चांगला. वाऱ्यात आहे. मॉराग मला हळूच म्हणाली, "नेटा, आमच्या घरात याच्यापेक्षा जास्ती बोलणं होतं, आणि मी नवऱ्याला सोडलंय." पण खेळ बघायला पाहिजे होता. एकानं मारलेला चेंडू दुसऱ्याला बरोबर हवा तिथं पडत होता. सत्तावीस वर्षं एकमेकांना न बघता बघत आले होते बहुतेक. बाराव्यानंतर दोन्ही जोड्या बरोबरीत.

तेरावा विषम. डॉडनं मारायचा. मी त्याला हजार वेळा खेळताना बघितलंय, त्याचा चेंडू कधी उजवीकडं जात नाही. गेला तर डावीकडं, समुद्राकडं. त्या दिवशी सरळ उजवीकडं गेला, उंच, आणि काटेरी झुडपांत.

वॉटी बघत राहिला. मग म्हणाला, "मुद्दाम मारलास काय?"

"या वयात मुद्दाम तिथं मारता आला असता तर मी चँपियन असतो, वॉटी."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं. खरं सांगते, मला आजही ठाऊक नाही मुद्दाम मारला का ते.

आता चेंडू डॉडचा आणि फटका वॉटीचा. वॉटी झुडपांत शिरला. काटे अंगाला लागत होते, ते ऐकू येत होतं. डॉड पायवाटेवर जाऊन उभा राहिला, चौऱ्याण्णवला जिथं उभा होता तिथंच. तीसेक पावलांवर. ऊन समोर. आत वॉटीची टोपी दिसत होती आणि काठी दिसत होती. काठी एकदा खाली आली. परत खाली आली. चेंडू बाहेर आला आणि चांगला मोकळ्यात येऊन पडला.

डॉड मोठ्यानं म्हणाला, "मला चेंडू दिसला नाही."

वॉटी बाहेर येत होता, बाहीतले काटे काढत. थांबला.

"आत्ता दिसला नाही," डॉड म्हणाला. "तेव्हा पण दिसला नव्हता. तेव्हा मी म्हणालो बघितलं. बघितलं नव्हतं, वॉटी. काठी तेवढी बघितली. चुकलो. तुझं कार्ड मी उगाच बाद केलं. माफ कर मला."

टुलक मास्तर आणि मॉराग थोडे लांब होते, त्यांनी तोंडं फिरवली, चेंडू शोधतोय असं दाखवायला लागले. चेंडू सगळ्यांना दिसत होता. मी ट्रॉली घट्ट धरून उभी. वॉटीचं तोंड मी बघितलं. लाल झालं, मग पांढरं पडलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं त्यानं. मग मिटलं.

"तुझा शॉट आहे, डॉड," म्हणाला.

एवढंच. मला राग आला. पण डॉडला नाही आला. त्याला वाटलं झालं. खांद्यावरनं पोतं उतरल्यासारखा चालायला लागला. तो होल बरोबरीत सुटला. चौदाव्यावर दोघं बोलत होते, चर्चच्या छपराबद्दल, त्या वर्षीच्या वादळाबद्दल, पाद्रीबाबांच्या अंगणात शिडी पडून कोंबड्या कशा पळाल्या त्याबद्दल. डॉड हसत होता, हसताना थांबून छाती धरत होता. मी म्हटलं, "बस जरा." तर वॉटीला म्हणतो, "बघ, अजून शिडीखालनं ओरडते." चौदावा त्यांनी जिंकला. एका होलनं पुढं.

पंधराव्याला परत डॉडची पाळी. त्यानं जमिनीत खुंटी रोवली, तिच्यावर चेंडू ठेवला, सरळ उभा राहिला. मग हळूच खाली बसला. मला वाटलं बुटाची नाडी सुटली असेल. वॉटी माझ्याआधी पोचला. डॉडचं डोकं वॉटीच्या मांडीवर होतं. मॉराग फोनवर ओरडत होती. ॲम्ब्युलन्स सतरा मिनिटांत आली, लवकरच आली म्हणायची आमच्या गावाला, पण डॉड त्याच्या खूप आधी गेला होता.

संध्याकाळी टुलक मास्तर घरी आले. सामन्याचं काय लिहायचं ते विचारायला नव्हते आले, पण निघालंच. फोरसमला दोघं लागतात, एकटा खेळू शकत नाही. मास्तर म्हणाले आम्ही दोघं हा सामना सोडतो, विजय डॉड आणि वॉटीच्या नावावर लिहितो, डॉडसाठी. वॉटी तिथंच बसला होता, कोट न काढता. तो एकदम म्हणाला, "नाही. तसं लिहायचं नाही." मास्तर म्हणाले, "अरे, पुढं होतात तुम्ही." वॉटी म्हणाला, "मास्तर, लिहू नका म्हटलं ना." मास्तरांनी नाही लिहिलं. मला वाटलं हा माणूस सुधारणारच नाही.

मंगळवारी मयताची व्यवस्था बघणारा दोऱ्यांची कार्डं घेऊन आला. आमच्याकडं शवपेटी कबरीत सोडायला आठ दोऱ्या असतात आणि कुणी कुठली धरायची त्याची आधी कार्डं देतात. एक नंबर डोक्याकडची, सगळ्यात जवळच्या माणसाची. दोन नंबर पायाकडची. गावात बायका दोऱ्या धरत नाहीत, फाटकाशी उभ्या राहतात. मी म्हटलं एक नंबर मी धरणार. तो माझ्याकडं बघत राहिला, पण लिहून घेतलं. दोन नंबरवर मी वॉटीचं नाव घातलं. म्हटलं मेलेल्याला तरी बरं वाटू दे.

बुधवारी दुपारी वॉटी आला. मी दोन नंबरच्या दोरीचं कार्ड पुढं केलं. त्यानं वाचलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे नको, नेटा. आधी ऐक. सहा होते."

"काय सहा?"

"चौऱ्याण्णवला. पहिल्या वेळेला चेंडूला लागली होती काठी. चार इंच सरकला होता. सहाच होते. डॉड बरोबर होता."

मी उभी होते ती बसले. मग माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले, ते इथं लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "तू त्याला माफी मागू दिलीस. खरं बोललेल्या माणसाला. मरायला टेकलेल्या माणसाला."

"मला माहीत नव्हतं तो मरायला टेकलाय," वॉटी म्हणाला. "मी सांगणार होतो. तिथं झुडपापाशीच तोंडावर आलं होतं. पण तो असा बघत होता माझ्याकडं. मग चौदाव्यावर तो हसत होता. म्हटलं अठरावा होऊ दे, आत बसू, एकेक व्हिस्की घेऊ, मग सांगतो. चारच होल राहिले होते, नेटा."

"चार."

"त्या टोपीतनं आमच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा मला वाटलं देवानंच केलं."

"देवानं नाही केलं," मी म्हटलं. "मी केलं. बाहीत लपवल्या होत्या. त्यानं सांगितलं म्हणून."

"कुणी?"

"डॉडनं."

"डॉडनं चिठ्ठ्या फिरवायला सांगितल्या?" वॉटी म्हणाला. "डॉड गुर्लेनं?" आणि हसायला लागला. हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं, त्यानं टोपी तोंडावर धरली आणि त्याचे खांदे हलत राहिले. मी त्याला चहा विचारला नाही. कार्ड उचललं आणि माझ्या खिशात घातलं. तो उठला, दाराशी थांबला, माझ्या खिशाकडं बघितलं आणि गेला.

जाताना क्लबात जाऊन त्यानं टुलक मास्तरांना सगळं सांगितलं, हे मला रात्री मॉरागकडनं कळलं. चौऱ्याण्णवचा कमिटीचा कागद काढायला लावला, त्याच्यावर सहा लिहिलं आणि सही केली. मास्तर म्हणाले आता याची गरज काय. तो म्हणाला, मला आहे.

गुरुवारी अकराला कबरीशी पोचलो. वारा होता, पाद्रीबाबा कागद दोन हातांनी धरून वाचत होते. मी एक नंबरची दोरी घेतली. बायका फाटकाशी होत्या, मॉराग मात्र निम्म्या वाटेपर्यंत आली होती. मयताची व्यवस्था बघणाऱ्यानं नंबर पुकारला, "दोन." कुणी पुढं आलं नाही. दोरी पेटीवर गुंडाळलेली तशीच. तो परत म्हणाला, "दोन नंबर?" आणि माझ्याकडं बघायला लागला, कारण कार्ड माझ्याकडंच होतं, मी दुसऱ्या कुणाला दिलंच नव्हतं.

वॉटी भिंतीशी उभा होता, सगळ्यांच्या मागं. काळा कोट, टोपी हातात. त्यानं मान वर केली नाही.

मला डॉड काय म्हणाला असता ते ठाऊक होतं, आणि तरी मला थोडा वेळ लागला. सगळे थांबले होते. मग मी म्हटलं, "वॉटी, ये. तुझी आहे."

तो आला. टोपी कुठं ठेवावी कळेना, ती मास्तरांच्या हातात दिली. दोरी सोडवून हाताला एक वेढा घेतला, शिडी बांधताना घ्यायचा तसा. "सावकाश," तो माणूस म्हणाला, "सगळ्यांनी एकदम." माझी दोरी थोडी पुढं पळाली, पेटी डोक्याकडनं कलली. समोरनं वॉटी हळूच म्हणाला, "धर, नेटा, मी थांबतो." तो थांबला. मी धरली. मग पेटी सरळ झाली आणि आम्ही सोडत गेलो.